ठोक्यावर पडणारे पाऊल

शाळेच्या मैदानावर लेझीम सुरू झाली, की हलगीचा ठेका कानी पडताच चाळीस जणांची पावले एकदम पडू लागतात. कोणी कोणाकडे बघत नाही, कोणी आकडे मोजत नाही. तरी पाऊल चुकत नाही. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिच्यात नवल ते काय, असे आपल्याला वाटते. परंतु ठेका ऐकला की पाय त्याच्याशी जुळवून घेतात, या साध्या गोष्टीचा उपयोग करून एका आजाराच्या रुग्णांना चालण्याचे शिक्षण दिले जाते. तो आजार म्हणजे कंपवात, अर्थात पार्किन्सनचा आजार. ठोक्यामुळे पाऊल का सुधारते आणि किती सुधारते, हे आपण पाहू. त्यासाठी लागणारे बरेचसे गणित आणि भौतिकशास्त्र तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे.

चालण्याचे गणित

चालण्याचा वेग दोन राशींवर अवलंबून असतो: एका पावलाची लांबी आणि दर मिनिटाला पडणारी पावले.

वेग = पावलाची लांबी × दर मिनिटाची पावले

समजा, एखाद्याचे पाऊल ७० सेंमी. लांब आहे आणि तो मिनिटाला ११० पावले टाकतो. त्याचा वेग मिनिटाला ७७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४.६ किलोमीटर झाला. आता पावलांची संख्या तीच ठेवून पाऊल मात्र ४० सेंमी. करा. वेग मिनिटाला ४४ मीटरवर येतो. कंपवाताच्या अनेक रुग्णांचे असेच होते. पावले पडतात, पण ती आखूड असतात आणि जमिनीला घासत जातात. शिवाय दोन पावलांमधला काळ दर वेळी सारखा राहत नाही. कधी शरीर पुढे झुकते आणि पावले अधिकाधिक लहान व जलद होत जाऊन माणूस धावू लागतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पुस्तिका लिहिली. तिच्यात चालता चालता धावू लागण्याच्या या प्रवृत्तीची नोंद आहे. कधी याच्या उलट होते. दाराच्या उंबऱ्याशी किंवा वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. दोन्ही प्रकारांत पडण्याचा धोका मोठा असतो आणि म्हातारपणी पडणे म्हणजे पुष्कळदा हाड मोडणे. एकटे न्हाणीघरापर्यंत जाता येणे किंवा न येणे, एवढा फरक या काही सेंटिमीटरांत सामावलेला असतो.

अडचण पायात नाही

या रुग्णांच्या पायांच्या स्नायूंत मूळचा बिघाड नसतो. बिघाड असतो मेंदूत. मेंदूच्या तळाकडील भागात सब्स्टान्शिया नायग्रा, म्हणजे ‘काळा पदार्थ’ या नावाचा एक लहानसा भाग आहे. तेथील चेतापेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात आणि ते मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीपुंजांना पुरवतात. कंपवातात या चेतापेशी हळूहळू नष्ट होतात. आजाराची लक्षणे दिसू लागतात तोवर त्यांतील निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात.

बेसल गँग्लियाची अनेक कामे आहेत. सवयीच्या हालचाली लक्ष न देता पार पाडणे, हे त्यांतील एक. चालताना ‘आता डावा, आता उजवा’ असा विचार आपण करत नाही. कोणते पाऊल केव्हा पडायचे आणि किती लांब पडायचे, हे आतल्या आत ठरत असते. जणू मेंदूत एक घड्याळ चालू असते. डोपामीन कमी पडले, की या घड्याळाचे ठोके अनियमित होतात.

येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. सपाट फरशीवर पाय अडलेला रुग्ण कधी कधी जिना मात्र सहज चढतो. पर्डन मार्टिन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवले, की जमिनीवर आडव्या रेघा आखल्या तर असे रुग्ण त्या ओलांडत चांगले चालू शकतात. याचा अर्थ, चालण्याची क्षमता शिल्लक असते. आतून येणारी सूचना तेवढी क्षीण झालेली असते. ती बाहेरून मिळाली, तर काम भागते. डोळ्यांना दिसणारी रेघ पाऊल कोठे टाकायचे ते सांगते. कानाला ऐकू येणारा ठोका पाऊल केव्हा टाकायचे ते सांगतो.

ठोका म्हणजे भाकीत

पण ठोका ऐकायचा आणि मग पाऊल टाकायचे, असे केले तर उशीर नाही का होणार? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर एका सोप्या प्रयोगातून मिळते.

प्रयोग १. दोघांनी पाठमोरे उभे राहावे. पहिल्याने मनाला येईल तेव्हा, अनियमितपणे टाळी वाजवावी. ती ऐकताच दुसऱ्याने टाळी वाजवावी. दुसऱ्याची टाळी दर वेळी मागे पडेल. आवाज ऐकून हात हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा-सहावा भाग तरी जातोच. आता पहिल्याने एकसारख्या अंतराने टाळ्या वाजवाव्यात. तीन-चार टाळ्यांनंतर दोघांच्या टाळ्या एकदमच पडू लागतील. मग पहिल्याने न सांगता एकाएकी थांबावे. बहुधा दुसऱ्याची एक टाळी जास्त पडेल!

ही जादा टाळी फार बोलकी आहे. जो आवाज झालाच नाही, त्याला दुसऱ्याने प्रतिसाद दिला. याचा अर्थ, तो आवाजामागून जात नव्हता. पुढचा आवाज केव्हा येणार याचे भाकीत करून हात अगोदरच हलवत होता. प्रयोगशाळेत काटेकोर मोजणी केल्यावर असे दिसते, की ठोक्याबरोबर बोट आपटणाऱ्या माणसाचे बोट बहुतेक वेळा ठोक्याच्या किंचित आधीच टेकते.

नियमित ठोक्याचे खरे मोल येथे आहे. तो पावलाला नुसता ‘चल’ असा हुकूम देत नाही. पुढचे पाऊल किती वेळाने पडायचे, ते तो आधीच कळवतो आणि स्नायूंना तयारीला अवधी देतो. हा काळ मोजण्यात कान डोळ्यापेक्षा सरस आहे. लुकलुकणाऱ्या दिव्यापेक्षा टिकटिकणाऱ्या आवाजाशी माणसे अधिक अचूक ताल जुळवतात. ऐकण्याची आणि हालचालीची केंद्रे मेंदूत एकमेकांशी जोडलेली आहेत. बाहेरचा ठोका मिळाल्यावर बेसल गँग्लियावरील भार कमी होतो आणि लहान मेंदूसारखे इतर भाग ते काम उचलतात, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

ठोके देणारे यंत्र

संगीत शिकणारे पाश्चात्त्य विद्यार्थी ठोक्यासाठी मेट्रोनोम वापरतात. योहान मेल्त्सेल यांनी त्याचे पेटंट १८१५ साली घेतले. त्यात एक उलटा लंबक असतो आणि त्यावरचे वजन सरकवून ठोके जलद वा मंद करता येतात. आता हे काम मोबाइल फोनही करतो. आपण मात्र दोरा आणि दगड घेऊन मेट्रोनोम बनवू.

प्रयोग २. लंबक एका टोकाला पोहोचला की एक ठोका आणि दुसऱ्या टोकाला पोहोचला की दुसरा, असे धरा. म्हणजे एका पूर्ण दोलनात दोन पावले होतात. मिनिटाला १०० पावले हवी असतील तर एका पावलाला ०.६ सेकंद आणि दोलनकाल १.२ सेकंद हवा. लंबकाची लांबी मीटरमध्ये काढण्याचे सूत्र असे:

लांबी = ९.८ × (दोलनकाल)² ÷ ३९.५

त्यावरून पुढील लांबी मिळते. ती टांगण्याच्या बिंदूपासून दगडाच्या मध्यापर्यंत मोजावी.

मिनिटाला ९० पावले: ४४ सेंमी.
मिनिटाला १०० पावले: ३६ सेंमी.
मिनिटाला ११० पावले: २९.५ सेंमी.
मिनिटाला १२० पावले: २५ सेंमी.

एकाने लंबकाकडे पाहून टाळ वाजवावा. दुसऱ्याने त्या ठोक्यावर २० मीटर चालावे. तिसऱ्याने पावले आणि वेळ मोजावी. प्रथम चालणाऱ्याची नेहमीची गती शोधा, मग ठोका दहा टक्क्यांनी वाढवा. पावलांची संख्या तर वाढेलच. पण पावलाची लांबी वाढते की घटते, ते नोंदवून ठेवा. हा प्रयोग आपसातच करावा. घरातील किंवा शेजारच्या रुग्णावर तो करू नये. त्यांच्यासाठी योग्य ठोका ठरवणे हे डॉक्टर आणि भौतिकोपचारतज्ज्ञांचे काम आहे.

मोजमाप काय सांगते?

अमेरिकेतील कोलोरॅडो येथे मायकेल थाउट, जेराल्ड मॅकिंटॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपायाची परीक्षा घेतली. त्यांचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. कंपवाताच्या १५ रुग्णांनी तीन आठवडे घरीच ध्वनिफीत ऐकत चालण्याचा सराव केला. फितीवरील वाद्यसंगीतात मेट्रोनोमचे ठोके मिसळलेले होते. दुसऱ्या गटाने ठोक्याशिवाय, आपल्या मनाने तसाच सराव केला. तिसऱ्या गटाने सराव केला नाही. शेवटची मोजणी सर्वांची ठोक्याशिवायच केली.

ठोक्यावर सराव करणाऱ्यांचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. पावलाची लांबी १२ टक्क्यांनी आणि पावलांची संख्या १० टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाचा वेग ७ टक्क्यांनी वाढला, तर तिसऱ्याचा ७ टक्क्यांनी घटला. आपले सूत्र येथे लावून पाहा: १.१२ × १.१० = १.२३२, म्हणजे सुमारे २३ टक्के. उत्तर २५ च्या जवळ आले. ते तंतोतंत जुळत नाही, कारण सरासरींचा गुणाकार आणि गुणाकारांची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक लक्षणीय बाब अशी, की पहिल्या गटातील रुग्णांनी शेवटच्या फितीची गती, फीत बंद असतानाही, २ टक्क्यांच्या आतल्या फरकाने साधली. ठोका काही काळ मनात मुरला होता.

परंतु १५ रुग्णांवरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. पुढे ब्रिटन, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तीन देशांत १५३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ठोका, प्रकाश किंवा स्पर्श यांपैकी सोयीची खूण रुग्णाने निवडायची होती. तीन आठवड्यांच्या सरावाने वेग सेकंदाला सुमारे ५ सेंमी. आणि पाऊल सुमारे ४ सेंमी. वाढले. लाभ झाला, पण बेताचा. सराव थांबल्यावर सहा आठवड्यांनी पाहिले, तर तोही बराच ओसरला होता. ज्यांचे पाय खिळतात, त्यांना फार जलद ठोका दिल्यास पाऊल उलट आखूड होते, असेही आढळले आहे. म्हणून ठोका प्रत्येकाला वेगळा द्यावा लागतो.

ठोक्यामुळे नष्ट झालेल्या चेतापेशी परत येत नाहीत आणि औषधांची गरजही संपत नाही. तो काठीसारखा आहे. काठी पायाला बळ देत नाही. पण तिच्या आधाराने माणूस पुढे जातो आणि ती हातात असेपर्यंतच तिचा आधार असतो.

विचार करा

१. मिनिटाला ८० पावलांसाठी लंबक किती लांब हवा?

२. मैदानावर ढोल तुमच्यापासून ३४ मीटर दूर आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरल्यास प्रत्येक ठोका किती उशिरा ऐकू येईल? या उशिरामुळे तुमच्या दोन पावलांमधील काळ बदलेल का?

३. वरील प्रश्नातील ढोलवाला तुमच्या दिशेने चालत येऊ लागला, तर उत्तर तेच राहील का?