कुत्र्याच्या डोळ्यांतील कृमि

जव्हार व मोखाडें या बाजूच्या पाड्यांवर ज्या घरीं गुरें आहेत, त्या घरीं बहुधा एखादा कुत्राही असतो. तो सकाळीं गुरांमागें रानांत जातो आणि सायंकाळीं त्यांच्याबरोबर परततो. अशा कुत्र्याच्या डोळ्यांतून पाणी गळूं लागलें, पापण्यांस चिपडें धरलीं, तर "डोळे आले असतील" म्हणून आपण सोडून देतों. आम्हींही एकदां असेंच केलें. घरचा मोती पंधरा दिवस पंजानें डोळा चोळीत होता. आम्ही मिठाच्या कोमट पाण्यानें तो पुसून स्वस्थ बसलों. पुढें त्या डोळ्यांत फूल पडलें. कशानें पडलें हें आतां कळावयाचें नाहीं, कारण पापणी उचलून पाहण्याचें आम्हांस सुचलेंच नाहीं.

कुत्र्याला वरच्या व खालच्या पापणीखेरीज नाकाच्या बाजूस एक तिसरी, पातळ पापणी असते. तिच्या आड एक पांढरा, दोऱ्यासारखा कृमि राहूं शकतो. मोठी मादी पाऊण इंचापर्यंत भरते. त्याचें शास्त्रीय नांव थेलाझिया कॅलिपीडा. रेल्ये व आंरी या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९१० सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें, तें रावळपिंडीच्या एका कुत्र्याच्या डोळ्यांत मिळालेल्या कृमींवरून. म्हणजे याची पहिली ओळख आपल्याच उपखंडांतली आहे.

हा कृमि डोळ्यांत जातो कसा? पाण्यांतून नव्हे, धुळींतूनही नव्हे. पिकलेलें केळें उघडें राहिलें कीं भोंवतीं चिलटें जमतात, हें सर्वांनीं पाहिलें आहे. त्याच कुळांतील फॉर्टिका नांवाची एक लहान माशी प्राण्यांच्या डोळ्यांवर बसून अश्रु चाटते. कृमीची मादी अंडीं न टाकतां अश्रूंत सूक्ष्म पिल्लें सोडते. तीं माशीच्या पोटांत जातात, दोन-तीन आठवडे तिच्या शरीरांत वाढतात, आणि मग तिच्या सोंडेशीं येऊन थांबतात. माशी दुसऱ्या डोळ्यावर बसली कीं तीं तेथें उतरतात व सुमारें एका महिन्यांत पूर्ण वाढतात. माशी चावत नाहीं, म्हणून कुत्र्यासही तिचा फारसा राग येत नाहीं! इटलींत १९८९ सालीं हा कृमि प्रथम आढळला. तेथील संशोधकांनीं पुढें असेंही दाखविलें कीं, अश्रूंवर येणाऱ्या या माश्या बहुतेक नर असतात. रक्त पिणाऱ्या डांसांत मादी दोषी, येथें नर. हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

माशीला घरचें व रानचें हा भेद नाहीं. युरोपांत हा कृमि लांडगे, कोल्हे आणि खोकडें यांच्या डोळ्यांत मिळाला आहे. (इंग्रजी गोष्टींतील 'फॉक्स' म्हणजे आपलें खोकड. आपल्या पाठ्यपुस्तकांतून त्यास सर्रास कोल्हा म्हणतात, तें चूक.) घरच्या कुत्र्यास औषध देतां येतें, कोल्ह्यास कोण देणार? म्हणून जेथें रान व वस्ती लागून असतात, तेथें हा रोग एकदां शिरला कीं हटत नाहीं. गाईबैलांच्या डोळ्यांतही असेच कृमि होतात. पण त्यांची जात निराळी, आणि ते पसरविणाऱ्या माश्या घरमाशीच्या गोत्रांतल्या.

माणूसही यांतून सुटलेला नाहीं. १९१७ सालीं पेकिंग येथें माणसाच्या डोळ्यांतून हे कृमि काढल्याची नोंद झाली. चीनमध्यें पुढें शेंकडों रोगी आढळले. आपल्या देशांत कर्नाटक, आसाम व हिमाचल प्रदेश येथील डॉक्टरांनीं असे रोगी नोंदविले आहेत. डोळ्यांत कांहीं वळवळल्यासारखें वाटणें, सतत पाणी येणें, लाली, हीं त्याचीं लक्षणें. झोंपलेल्या तान्ह्या मुलाच्या तोंडावरील माश्या हांकणारी आजी उगीच तो खटाटोप करीत नाहीं.

उपाय कठीण नाहीं. पशुवैद्य डोळा बधिर करणारे थेंब घालतो, तिसरी पापणी उचलतो आणि चिमट्यानें कृमि काढतो किंवा सलाइनच्या धारेनें धुवून टाकतो. मॉक्सिडेक्टिन, मिल्बेमायसीन हीं औषधेंही आहेत. परंतु तीं किती व कशीं द्यावयाचीं हें त्यानेंच ठरवावें. घरीं नखानें किंवा काडीनें कृमि ओढूं नये, बुबुळावर ओरखडा उठतो. तंबाखूचें पाणी तर मुळींच घालूं नये. कुत्र्याचा एकच डोळा दोन-चार दिवसांहून अधिक गळत असेल, तर त्याला दोरी बांधून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांत न्यावें आणि डॉक्टरांस तिसरी पापणी पाहावयास सांगावें. लाजूं नये. पाहावयास दोन मिनिटें लागतात.