मंडळीत व्यापाऱ्याचे काम वर्गणीपुरतेच का?

प्रश्न : माझे हार्डवेअरचे दुकान आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीला माझी आठवण फक्त वर्गणीच्या वेळी होते. माझी भूमिका एवढीच का? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : मुळीच नाही. 1831 मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे औद्योगिक शिक्षणही सुरू केले, कारण मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहायची तर सभासदांच्या हाताला काम हवे. बायबलमध्येही हेच दिसते : प्रेषित पौल राहुट्या करी, लुदिया जांभळी वस्त्रे विकी आणि तिच्याच घरी प्रेषितांना आसरा मिळाला. म्हणून तुमची पहिली सेवा दुकानातच आहे : खरे माप, पक्के बिल, कामगाराला वेळेवर पगार, मंडळीतल्या एखाद्या तरुणाला हिशेब आणि मालाची पारख शिकवणे. दुसरी सेवा मंडळीच्या जमाखर्चाला शिस्त लावण्याची.

यावर आक्षेप येतो, की अशाने कारभार पैसेवाल्यांच्या हाती जाईल. ही भीती रास्त आहे. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा देणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. पण त्यावर उपाय व्यापाऱ्याला दूर ठेवणे हा नव्हे. देणगीच्या बदल्यात पद नको, आणि मंडळीची खरेदी तुमच्या दुकानातून होणार असेल तर त्या निर्णयात तुम्ही बसू नका. एवढे पथ्य पाळून पाळकांना भेटा आणि वर्गणीबरोबर आपला वेळ व अनुभवही देऊ करा.