भिंतीतली माणसं

फॅसिझम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिटलर नाहीतर मुसोलिनी येतो. पण एकटा माणूस अख्खं शहर कसं काय दाबून ठेवणार? मला पटलेलं उत्तर विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये मिळालं. जब्बार पटेलांनी बसवलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात झाला. काळ पेशवाईचा, पण हे ऐतिहासिक नाटक नाही असं खुद्द तेंडुलकरांचंच म्हणणं.

यात रंगमंचावर माणसांचीच भिंत असते. पुण्याचे ब्राह्मण ओळीने उभे राहून गातात, डोलतात. पाठ फिरवली की झाला पडदा! आडोशाला काय चाललंय, ते बघायचं नाही.

घाशीरामावर चोरीचा खोटा आळ येतो, तेव्हा त्याच्या बाजूने कुणी बोलत नाही. पोटची मुलगी नानाला देऊन तो कोतवाल होतो, तेव्हाही सगळे गप्प. मग परवान्यांचा जाच सुरू होतो. ज्याची पाळी आलेली नाही, तो गातच राहतो. कोठडीत माणसं गुदमरून मरतात, तेव्हा कुठे जमाव चवताळतो. नाना हुकूम लिहून देतो, घाशीराम मारला जातो. नाना मात्र तिथेच, आणि भिंतही तिथेच.

सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, भिंतीत भार वाटला जातो. प्रत्येक वीट थोडा थोडा पेलते, म्हणून छप्पर आपल्यामुळे उभं आहे असं कुठल्याच विटेला वाटत नाही.

मी डहाणू तालुक्यातल्या चिखल्याचा. आमच्या भागाची हकिगत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये आहे. ही कादंबरी नव्हे, अनुभवकथन आहे. साहित्य अकादमी पुरस्कारही 1972 चाच. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली नवरा-बायको सावकाराकडे जन्मभर राबायचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. 1945 मध्ये वारली उठले, तेव्हा ही वेठ मोडली.

नाटकानंतर हे पुस्तक मी वेगळ्या नजरेने वाचलं. जमीनदार मूठभरच. पण कर्जाची वही कुणीतरी लिहीत असणार, कोऱ्या कागदावर अंगठा कुणीतरी उठवून घेत असणार. रस्त्याने जाताना मान वळवणारे तर कितीतरी. घरी हीच माणसं प्रेमळ बाप, सज्जन शेजारी असतील.

घाशीराम कुणालाही ओळखता येतो. रांगेतली आपली जागा ओळखणं अवघड. सबमिशन संपलं की दोन तास काढा आणि हे नाटक वाचा. वाचताना नजर कोतवालावर नको, भिंतीवर ठेवा.