पिनला बोट लावून बघा

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ला अखेरचा निरोप दिला, तो सोहळा मी वसमतला घरी टीव्हीवर पाहिला. 1963 पासून हवाई दलात असलेलं विमान, आणि माझी उमेदीची वर्षं त्याच्याच पोटाखाली गेलेली. दिवसभर फोन येत राहिले. पुतणे, शाळेतले सोबती, मोंढ्यातले ओळखीचे आडते, सगळ्यांचं विचारणं एकच: केवढ्या वेगाने उडायचं, आवाज किती व्हायचा, युद्धात काय काय केलं. उतरल्यावर काय करायचे हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? पेपरात उड्डाण छापून येतं, अपघात छापून येतो. चाकं थांबल्यापासून कॉकपिट थंड पडेपर्यंतचं काम कुठेच येत नाही. माझ्या नोकरीत जे बिघडलं ते नेमकं त्याच वेळात बिघडलं. ते एकदा सांगून टाकायचं आहे. आपल्या भागातली पोरं आता अग्निवीरवायू म्हणून भरती होताहेत, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

मी इंजिन फिटर, त्या वेळी सार्जंट. तळाचं आणि माणसांची नावं मी सांगणार नाही. राजस्थानातला तळ होता, एवढं पुरे.

मिग-21 जमिनीला टेकायचं तेच ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने. शेपटीतलं पॅराशूट उघडायचं, वेग मोडायचा, धावपट्टीच्या टोकाला पॅराशूट टाकून विमान वळून लाइनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, यायचं. मार्शलरने हात आडवे केले की थांबायचं, चाकांना चॉक लागायचे. इथपर्यंतचं लांबूनही दिसतं. पुढचं सगळं कॉकपिटात. थ्रॉटल आयडलला ठेवून इंजिनला निवायला वेळ द्यायचा. तेवढ्यात रडार, रेडिओ, जायरो एकेक करून बंद करायचे. मग थ्रॉटल स्टॉपला. इंधन तुटतं, आवाज उतरतो, पण आतले रोटर फिरतच असतात. बॅटरीचा स्विच अगदी शेवटी. आणि अंगावरचे पट्टे सोडण्याआधी सीटच्या हँडलची पिन. ते हँडल ओढलं की सीट वैमानिकासकट विमानाबाहेर फेकली जाते, पिन ते हँडल अडवून ठेवते. ती वैमानिकाने लावायची आणि शिडीवर चढणाऱ्याने तपासायची, अशी आमची पद्धत.

निवू द्यायचं ते उगाच नाही. पूर्ण जोरावर असताना टर्बाइनमध्ये शिरणारा वायू हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो. तापलेलं इंजिन एकदम तोडलं तर बाहेरचं कवच लवकर निवून आकसतं, आतला जड रोटर मात्र सावकाश निवतो, आणि पात्यांची टोकं कवचाला घासायची भीती असते. बेअरिंगपाशी राहिलेलं तेल जळून त्याचा कोळसा बसतो. कारखान्यावर ऊस खाली करून आलेले आमचे ट्रॅक्टर ड्रायव्हर टर्बोचं इंजिन तापलेलं असतानाच किल्ली फिरवून बंद करतात, तेव्हा मी आजही हटकतो. मिनिट-दोन मिनिटं आयडलला चालू द्या रे, कारण हेच आहे. ऐकतो कोण!

थ्रॉटल स्टॉपला गेला की माझी एक नजर मनगटावर आणि कान इंजिनाकडे. रोटर थांबायला किती वेळ घेतो हे मोजायचं. नेहमीपेक्षा लवकर थांबला तर आत काहीतरी घासतंय किंवा बेअरिंग धरतंय. आवाजही कळतो. निरोगी इंजिन एकसारखं उतरत जातं, त्यात खरखर आली की कान टवकारायचा. हे शिकवायला वेगळा वर्ग नसतो, उन्हात उभं राहूनच येतं.

त्या दिवशी शेवटची सॉर्टी, म्हणजे शेवटचं उड्डाण होतं. दिवस मावळत आलेला. वैमानिक तरुण, आणि उडवण्यात तरबेज, हे मी तेव्हाही मान्य करत होतो, आजही करतो. पण उतरला की त्याला विमानाशी देणंघेणं नसायचं. लाइनवर जीप उभी होती, कुठल्याशा कार्यक्रमाला जायचं होतं. चॉक लागले न लागले तोच थ्रॉटल स्टॉपला. कॅनॉपी उजवीकडे उघडली. रोटर अजून फिरत होते तोवर साहेब पट्टे सोडून, हेल्मेट हातात घेऊन शिडीवरून खाली. 'ऑल ओके' म्हणाले, जीपमध्ये बसले आणि गेले.

शिडीवर मी चढलो. बॅटरी चालूच. पॅनेलवरचे दिवे लागलेले. तशीच राहिली असती तर सकाळपर्यंत बॅटरी उतरली असती आणि पहिली सॉर्टी गेली असती. दोष कुणावर आला असता, ते लाइनवर काम केलेल्याला सांगायला नको. मी स्विच बंद केला. माझ्यामागे इन्स्ट्रुमेंट फिटर, आमच्याच मराठवाड्यातला कॉर्पोरल, वर यायला ताटकळत होता. त्याला सीटवर बसून काम करायचं होतं. टॉर्च त्याच्याच हातात. त्याने उजेड खाली मारला. दोन पायांच्या मधलं लाल हँडल, त्यावर पिन, पिनेला लाल फीत. सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. फीत लोंबत होती म्हणजे पिन आहे, असं कुणीही म्हणालं असतं.

मी नेहमीच्या सवयीने बोट लावलं. पिन हलली.

बसलेली पिन हलत नाही. ही अर्ध्यातच अडकलेली होती, पलीकडे गेलेलीच नव्हती. हँडल मोकळं होतं. मागे शिडीवर चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि त्या पिशवीचा लोंबता पट्टा. तो त्या सीटवर बसणार होता. सीटखाली काय असतं ते त्यालाही माहीत होतं, मलाही. बारूद आणि रॉकेट. पट्टा हँडलात अडकून ओढ बसली असती तर पुढचं मी लिहीत नाही. मी त्याला म्हणालो, "खाली उतर. कशाला हात लावू नको." आर्मामेंटचा, म्हणजे सीटची बारूद सांभाळणारा, माणूस बोलावला. त्याने पिन बघितली, मान हलवली, काढून नीट बसवली.

आता राग कशाचा, ते सांगतो. घाईत माणसाकडून राहून जातं, हे मला कळतं. राग पुढच्या गोष्टींचा आहे.

आमचे फ्लाइट इन्चार्ज वॉरंट ऑफिसर मला बाजूला घेऊन म्हणाले, "लिख मत. सुबह बात कर लेंगे." मी लिहिलं. फॉर्म 700 मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, वेळ टाकली, बॅटरी चालू सापडली, सीटची पिन अपुरी बसलेली सापडली, असं सरळ लिहिलं आणि खाली आर्मामेंटवाल्याची सही घेतली. दुसऱ्या दिवशी लाइनवर, पंधरा-वीस पोरांसमोर, साहेब मला म्हणाले, "सार्जंट, आप मुझे कॉकपिट सिखाएंगे?" मी काही बोललो नाही. त्या वाक्यातला तोरा अजून कानात आहे. मी त्यांच्यापेक्षा वयाने किती मोठा होतो!

मग माझ्याकडेच खुलासा मागितला. इंजिन फिटर कॉकपिटात वाकला कशाला? पिन तुझ्याच हाताने सरकली नसेल कशावरून? वॉरंट ऑफिसरना विचारलं तर ते म्हणाले, मला याबद्दल काही माहिती नाही. आदल्या संध्याकाळी जो माणूस मला लिहू नको म्हणत होता, तो हे म्हणाला, माझ्यादेखत. त्या कॉर्पोरलने मात्र कच खाल्ली नाही. टॉर्च माझ्या हातात होती, सार्जंटने बोट लावण्याआधी ती फीत नेहमीपेक्षा खाली लोंबत होती, हे त्याने ठाम सांगितलं. फॉर्मवरची ओळ आणि आर्मामेंटची सही तर होतीच. प्रकरण मिटलं. मिटलं म्हणजे काय, तर फाइल बंद झाली. माझं बरोबर होतं असं कुणी कागदावर लिहिलं नाही, तोंडानेही म्हटलं नाही. त्या वर्षीच्या माझ्या अहवालात मार्क मात्र उतरले आणि बढती लांबली. तो वैमानिक पुढे मोठ्या हुद्द्याला गेला.

पुढे जगाने तेच पाहिलं. 8 नोव्हेंबर 2011 रोजी इंग्लंडमध्ये स्कॅम्प्टनच्या तळावर रेड अॅरोज या कसरतपथकाच्या हॉक विमानाची सीट जमिनीवरच, उड्डाणाआधीच्या तपासण्या चालू असताना सुटली. फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम गेले. पॅराशूट उघडलं नाही हा सीट बनवणाऱ्या कंपनीचा दोष होता, त्यासाठी मार्टिन-बेकर कंपनीला 2018 साली 11 लाख पौंडांचा दंड झाला. पण सीट सुटली कशी? चौकशीत निघालं की हँडल धोक्याच्या स्थितीत होतं आणि पिन अशी गेली होती, की बघणाऱ्याला सगळं सुरक्षितच वाटावं. कित्येकांच्या नजरेखालून ती गेली होती. हे वाचलं त्या दिवशी मी कागद घेऊन बायकोला दाखवला. मी खोटं बोलत नव्हतो, हे मला घरात तरी कुणाला दाखवायचं होतं. हॉक विमानं आपल्याला लांबची नाहीत. आपल्या शेजारी बिदरला त्याच विमानांवर नवे वैमानिक शिकतात.

14 ऑक्टोबर 2014 ला लोहगावचं सुखोई-30 पुण्याजवळ थेऊरला पडलं, तेव्हाही चर्चा सीटचीच झाली. दोन्ही वैमानिक सीटसकट बाहेर फेकले गेले, वाचले, आणि सुखोईंचा सगळा ताफा तपासणीसाठी जमिनीवर ठेवला गेला. कारण वेगळं, प्रकार वेगळा. पण सीट ही चेष्टेची गोष्ट नाही हे त्या वेळी सगळ्यांना पटलं. जमिनीवर उभ्या विमानातली सीटसुद्धा तितकीच जिवंत असते, हे अजून पटायचं आहे.

तर पोरांनो, लाइनवर जाणार असाल तर ऐका. पिन डोळ्यांनी बघू नका, बोटाने बघा. लाल फीत दिसणं म्हणजे पिन बसणं नव्हे. स्वतः तपासल्याशिवाय कॉकपिटात पाय टाकू नका, मग वैमानिक कितीही मोठा असो आणि तुमचा सीनियर कितीही घाई करो. कॉकपिटात जाताना गळ्यात, खांद्याला, कमरेला लोंबतं काही ठेवू नका. पिशवी खाली ठेवा, हत्यार एकेक मागून घ्या, आणि उतरताना मोजून घ्या. रोटर पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय इनटेकच्या समोर जाऊ नका. इंजिन बंद झाल्यावर मागून ज्वाळ दिसली तर ओरडा, आत राहिलेलं इंधन पेटू शकतं. म्हणून तर आगीचा बंब घेऊन माणूस उभा असतो. तो चहाला गेला असेल तर विमान थांबू देऊ नका असं मी म्हणणार नाही, पण बंबापाशी माणूस नव्हता एवढं लिहून ठेवा. ब्रेक तापलेले असतात, चाकाकडे पुढून किंवा मागून जा, बाजूने नको. टायर फुटला तर मार बाजूला बसतो. तेलाची पातळी ठरवून दिलेल्या वेळेतच बघा, उशिरा बघितली तर आकडा फसवतो.

बाकी, पाणी पीत राहा, झोप पुरी करा, घड्याळ हाताला असू द्या. मोबाइल लाइनवर नकोच.

नव्या विमानांत संगणक पुष्कळ गोष्टी सांगतो. राफेल असो, तेजस असो, इंजिनाचं सगळं डिजिटल. तरी पिन लावायची ती माणसानेच, आणि तपासायची तीही माणसानेच.

आणि लिहा. ही गोष्ट मी जास्त कळकळीने सांगतो. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. वेळ लिहा, काय दिसलं ते लिहा, कुणाचं नाव न घेता लिहा, आणि दुसऱ्या ट्रेडच्या माणसाची सही घ्या. कच्चं लिहून नंतर पक्कं करू, असं म्हणू नका. मला त्या एका ओळीने वाचवलं. नाहीतर पिन सरकवणारा मीच ठरलो असतो.

मला काळजी वाटते ती वेगळी. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. चारांत जास्तीत जास्त एकाला पुढे कायम करणार. अशा पोराला इन्चार्ज म्हणाला, लिहू नको, तर त्याने काय करावं? मी कायम नोकरीत होतो तरी मला फटका बसला. त्याच्यापाशी तेवढाही आधार नाही. म्हणून मी पोरांपेक्षा त्यांच्या वरच्यांना सांगतो, आणि माझ्याबरोबरचे कुणी अजून सेवेत असतील त्यांनाही: लिहिणाऱ्या पोराला धमकावू नका. त्याने लिहिलं म्हणून कुणाचं करिअर बुडत नाही. त्याने लिहिलं नाही तर सीटवर बसणारा पोरगा मरू शकतो. आणि वैमानिकांना हात जोडून विनंती, जीप दोन मिनिटं थांबेल. बॅटरी बंद करा, पिन पलीकडे गेली का ते बघा, आणि मग उतरा.

वसमत, हिंगोली, परभणी, नांदेडचा कुणी पोरगा भरती होऊन निघाला असेल, तर जाण्याआधी मला भेटून जावं. संध्याकाळी मी घरीच असतो. पिन कशी बसते आणि अर्धी बसल्यावर हाताला कशी लागते, ते मी समोर बसवून दाखवीन.