विटनीचे ब्लँकेट आणि मोजणीचे घर

सोलापूर म्हटले की चादर आठवते, मालेगाव म्हटले की माग. इंग्लंडातही असे एक छोटे बाजारपेठेचे गाव आहे. ऑक्सफर्डच्या पश्चिमेला सुमारे 12 मैलांवर, विंडरश नदीच्या काठी वसलेले विटनी. डेव्हिड कॅमेरून याच मतदारसंघातून निवडून येऊन 2010 मध्ये पंतप्रधान झाले. पण त्याआधी तीन शतके हे गाव जगाला ठाऊक होते ते ब्लँकेटमुळे. गावाचे नाव मालाचे नाव कसे बनले आणि पुढे त्या मालाचे काय झाले, ते आम्ही येथे व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

गाव मुळात विंचेस्टरच्या बिशपच्या मालकीचे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी रुंद रस्ता आखून येथे पेठ वसवली. पेठेच्या मध्यावर खांबांवर उभे असलेले एक छप्पर आहे, त्याला बटर क्रॉस म्हणतात. आसपासच्या खेड्यांतील बायका तेथे लोणी व अंडी विकायला बसत. छपरावरचा घड्याळाचा मनोरा 1683 चा आहे. गुरुवारचा बाजार आजही भरतो.

ब्लँकेटच याच गावात का? जवळच कॉट्सवोल्डचे डोंगर, तेथे मेंढ्यांचे कळप. नदीवर पाणचक्क्या. आणि तयार माल गाडीने लंडनला पोहोचण्याइतके अंतर. रॉबर्ट प्लॉट या विद्वानाने 1677 मध्ये लिहून ठेवले आहे की गावात सुमारे 60 ब्लँकेटवाले, 150 माग आणि त्यांवर पोट भरणारे जवळजवळ 3,000 गरीब लोक होते, आठ वर्षांच्या मुलांपासून थकलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत. ब्लँकेट इतके पांढरे का, तर विंडरशच्या पाण्याचा गुण, असेही त्याने म्हटले. पाण्याचे आम्हाला सांगता येणार नाही, पण ब्लँकेटला गंधकाची धुरी देऊन पांढरे करण्याची रीत त्या काळी होतीच.

सूत घराघरांतून कातले जाई. ब्लँकेटचा पन्हा इतका रुंद की एका मागावर दोन माणसे बसत. एकाने धोटा फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा. सुमारे 1800 मध्ये उडता धोटा आला आणि एका माणसाचे काम गेले. विणलेला माल पाणचक्कीवर ओला करून कुटला जाई. त्याने तो आटतो आणि दाट होतो. मग शेतात लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवायचा.

आता खरी गोष्ट. ताणण्यात आणि आटण्यात फसवणुकीला भरपूर वाव असतो, हे कापडवाल्याला सांगायला नको. विटनीच्या विणकरांनी 1711 मध्ये राणी ॲनकडून सनद मिळवून आपली कंपनी स्थापन केली. तिचा अधिकार गावाभोवती 20 मैलांपर्यंत होता. 1721 मध्ये हाय स्ट्रीटवर ब्लँकेट हॉल बांधला. प्रत्येक विणकराने माल तेथे आणायचा, तो मोजला-तोलला जाई आणि उतरल्यावरच शिक्का बसे. कमी भरला तर दंड. हे कोण्या सरकारी अधिकाऱ्याने नव्हे, विणकरांच्या बिरादरीनेच स्वतःवर लादून घेतले होते. आपल्या जुन्या शहरांत हेच काम मुहतसिब करीत असे. मापात काटा मारणाऱ्यांवरून तर कुरआनच्या एका सूरहचे नावच आहे, अल-मुतफ्फिफीन. ते आपण पढतो, आणि बाजारात एका मीटरमागे दोन सेंटिमीटर कमीही देतो.

या भरवशावरच मोठी गिऱ्हाइके आली. हडसन्स बे कंपनी कॅनडात तेथील मूळ रहिवाशांकडून कातडी घेऊन मोबदल्यात माल देत असे. 1779-80 च्या सुमारास तिने विटनीच्या थॉमस एम्प्सनकडे खास ब्लँकेटची मागणी नोंदवली. त्याच्या काठाला छोट्या रेघा विणलेल्या असत. रेघा किती, त्यावरून आकार कळे, घडी उलगडावी लागत नसे. वाचता न येणाऱ्यालाही समजेल असे हे लेबल होते. एका रेघेला एक कातडे असा भाव होता असे सांगतात, पण ते खरे नाही.

यंत्रे आली, कारखाने झाले, 1847 मध्ये विणकरांची कंपनी मोडली. 1861 मध्ये रेल्वे आली. अर्ली घराण्याची पेढी 1669 पासूनची, तिने 1960 मध्ये मॅरियट या दुसऱ्या घराण्याचा धंदा आपल्यात मिळवला. पण घरे नळांच्या उष्णतेने गरम होऊ लागली, लोक हलक्या रजया पांघरू लागले. दर्जा तोच होता, गरज उरली नव्हती. शेवटचा कारखाना 2002 मध्ये बंद पडला. गिरणीच्या जागेवर आता घरे आहेत. ब्लँकेट हॉल पाहायला खुला आहे. त्याच्या घड्याळाला एकच काटा आहे.

रेघांचे ब्लँकेट पुढे यॉर्कशायरमध्ये विणले जाऊ लागले. 2025 मध्ये हडसन्स बे कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिची सर्व दुकाने बंद झाली. तिचे नाव, चिन्ह आणि ब्लँकेटवरचे रंगीत पट्टे मात्र कॅनडातील दुसऱ्या कंपनीने तीन कोटी कॅनेडियन डॉलर मोजून विकत घेतले.