नोकरी सांभाळून पीएच.डी.

प्रश्न : एमएसडब्ल्यू झाले आहे. महालात एका संस्थेत वृद्धांसाठी काम करते. पीएच.डी. करायची आहे, सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, आधी प्रश्न ठरवा, अर्ज नंतर. ‘ज्येष्ठांच्या समस्या’ हा विषय नव्हे, त्याला ना बूड ना शेंडा. जुन्या वाड्यात एकटी राहणारी स्त्री अर्ध्या रात्री दुखलं-खुपलं तर कुणाला हाक मारते, हा संशोधनाचा प्रश्न झाला.

पदव्युत्तरला 55 टक्के हवेत. राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. किमान 3 वर्षे धरून चाला. ओबीसी किंवा भटक्या-विमुक्त प्रवर्गातील असाल, तर महाज्योती या संस्थेचे कार्यालय नागपुरातच आहे; नोकरी करतानाही अधिछात्रवृत्ती मिळते का, हे तिथे आधी विचारून घ्या.

खरी अडचण वेगळीच. ज्या आजींना तुम्ही औषधे पोचवता, त्या मुलाखतीला ‘नाही’ कशा म्हणतील? मदत बंद होईल ही धास्ती असतेच. म्हणून स्वतःचे लाभार्थी शक्यतो टाळा, शेजारची वस्ती निवडा. मार्गदर्शकाकडे जाताना हे सारे दोन पानांत लिहून न्या.