कंपनीच्या स्टिरिओला बाहेरचा अँप्लिफायर जोडताना फ्यूज कुठे?

कार ॲक्सेसरीजच्या दुकानदारांसाठी केलेल्या व्हिडिओत अँप्लिफायरचं फिटिंग दाखवलं, पण आकडे जरा घाईत गेले. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कंपनीच्या स्टिरिओला मागे बहुतेक वेळा आरसीए आउटपुट नसतो. अँप्लिफायरला हाय-लेव्हल इनपुट असेल तर स्पीकरच्या तारा त्यातच द्या, नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर लावा. मूळ वायरिंग कापू नका, त्या मॉडेलचा कपलर आणा. वॉरंटीचा वाद आला की कापलेली तार सगळ्यात आधी दिसते. आणि स्पीकरची निगेटिव्ह तार म्हणजे अर्थ समजून बॉडीला जोडू नका. बऱ्याच स्टिरिओंत दोन्ही तारांवर सिग्नल असतो, आउटपुटचा आयसी जळेल आणि स्टिरिओ तुम्हाला भरून द्यावा लागेल.

आता फ्यूज. पुष्कळ जण म्हणतात, "सर, अँप्लिफायरवर फ्यूज आहेच की!" आहे ना, पण तो अँप्लिफायरसाठी. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत चार-पाच मीटर तार जाते, तिला कोण सांभाळणार? माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी पैसे वाचवायला एकच फ्यूज लावला, तोही डिक्कीत. फायरवॉलच्या भोकाला रबरी ग्रोमेट बसवलं नव्हतं. पत्र्यावर घासून तारेचं कव्हर फाटलं, शॉर्ट झालं आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत बोनेटखाली धूर. डिक्कीतला फ्यूज शाबूत! शॉर्ट त्याच्या अलीकडे झालं, तो उडेल कसा? गाडी थोडक्यात वाचली. वायरिंगचा खर्च मी भरला, ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही.

तर मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत.

किती अँपिअरचा? समजा, क्लास डी अँप्लिफायर ५०० वॅट आरएमएसचा आहे. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून ६२५ वॅट जाणार. १३.८ व्होल्टने भागा, साधारण ४५ अँपिअर. म्हणजे ५० चा फ्यूज, आणि तार ५० अँपिअरपेक्षा जास्त झेपणारी. एवढ्या लांबीला मी शुद्ध तांब्याची ४ गेज वापरतो. स्वस्त किटमध्ये वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असतं. टोक खरवडून बघा, पांढरं दिसलं तर एक साइज जाड घ्या.

अर्थची तार छोटी ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर थिंबल घट्ट बसवा. सीट बेल्टचा बोल्ट त्यासाठी अजिबात वापरू नका. पॉवरची तार एका बाजूने, सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून घूंऽऽ ऐकू येतं.

राहता राहिला भाव. "समोरचा दुकानदार स्वस्तात करतो" हे ऐकायला मिळणारच. हवं तर मजुरीत थोडं सोडा, तार आणि फ्यूजमध्ये नको. बिलात फ्यूज, होल्डर, ग्रोमेट, तारेचं गेज वेगवेगळ्या ओळींत लिहा आणि बॅटरीजवळच्या फ्यूजचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप करा. बहुतेक घासाघीस तिथेच थांबते, हा माझा अनुभव.

शेवटी बॅटरीची तार परत लावताना होल्डर रिकामाच ठेवा. सगळी जोडणी मल्टीमीटरने तपासा, मगच फ्यूज घाला.